मोरीवरचा पाटा

कुंदा, तुझा पाटा अजून माझ्याच मोरीवर आहे. काल भाऊजी न्यायला आले होते. पूजाला म्हणे आईची आठवण म्हणून हवाय. मी दिला नाही. म्हटलं, पाइपाला दार बसल्याशिवाय पाटा हलणार नाही, पोरीला सांगा, मावशी कुठं पळून जात नाहीये. भाऊजी भिंत धरून हळूहळू परत समोरच्या घरात गेले. तुला जाऊन पंधरा दिवस झाले आणि माझा राग दाण्याएवढाही कमी झालेला नाही. येणारा-जाणारा सांगतो, शैलाताई, आता शांत व्हा. का व्हायचं मी शांत?

आणि चेअरमन मोहितेची हिंमत बघ. तुझ्या तेराव्याच्या आदल्या दिवशी दारात येऊन मला म्हणतो, "ताई, तुम्ही शाळेत क्लार्क होता, तुमचं मराठी छान. कुंदाताईंवर चार चांगले शब्द लिहून द्या, फोटोसकट बोर्डावर लावतो." मी बसले लिहायला. कागदावर जे उतरलं ते बोर्डावर लावलं असतं तर मोहिते साहेबांना सोसायटी सोडून जावं लागलं असतं. तो कागद फाडला. म्हटलं, लिहायचंच तर तुलाच लिहावं.

तुला आठवतं, तळमजला मिळाला म्हणून आपण पेढे वाटले होते? तू कोरेगावकडची, भाऊजी मार्केटात पोती वाहणारे, त्यांचे गुडघे तेव्हाच बोलायला लागलेले. मी लालबागची, माझ्या सासूबाईंना जिना चढवत नव्हता. सानपाड्यात तळमजल्याचं घर, दारासमोर दार, दारात तुळस. वरच्या मजल्यावरच्यांना आपला हेवा वाटायचा, खोटं नाही सांगत. आता तेच लोक जिन्यातून खाली बघत म्हणतात, तळमजला घेतला कशाला तुम्ही.

पाणी दारातून आलं असतं तर समजलं असतं. आपल्याकडे पाणी मोरीतून येतं. उधाणाच्या दिवशी भरती चढली आणि वर पाऊस धरून बसला, की खाडीचं पाणी नाल्यातून उलटं आत शिरतं, बिल्डिंगच्या पाइपातून सरळ आपल्या न्हाणीत. काळं, गटाराचं, वासाचं. सुरुवातीला चार-पाच वर्षांतून एकदा यायचं. मग वर्षाला एकदा. आता पावसाळ्यातल्या कुठल्याही अमावास्या-पौर्णिमेला जीव मुठीत धरून बसायचं. लोक कॅलेंडरवर उपासाच्या तिथीला गोल करतात, आपण पाण्याच्या तिथीला करायचो. कपाटाखाली विटा, पलंगाखाली विटा, फ्रिज पाटावर, सिलेंडर जेवणाच्या टेबलावर. माझ्या पुतण्याची बायको पहिल्यांदा आली तेव्हा विचारते, "काकू, शिफ्टिंग चाललंय का?"

तरी आपण हसायचो, हे मात्र आहे. एकदा पलंगावर पाय वर घेऊन बसलो होतो दोघी, खाली वीतभर पाणी, आणि तू मांडीवर परात घेऊन कांदा चिरत होतीस. म्हणालीस, "शैला, काश्मीरला लोक पैसं देऊन पान्यात ऱ्हातात बघ." मी इतकी हसले की चष्मा पाण्यात पडला. मग तो शोधायला पुन्हा तूच उतरलीस. पाण्यात उतरायचं झालं की नेहमी तूच उतरायचीस. तेव्हा ते माझ्या लक्षात आलं नाही.

हा पाटाही तसाच आला. तुझ्या आईने लग्नात दिलेला, तुझ्या घरात त्याच्याशिवाय चटणी होत नव्हती. एका उधाणाला तू तो कमरेवर घेऊन माझ्याकडे आलीस आणि मोरीच्या भोकावर ओलं पोतं अंथरून त्यावर दणकन ठेवलास. मी म्हटलं, अगं तुझ्या मोरीला काय? "माझ्याकडं वरवंटा हाय की. वर रॉकेलचा डबा भरून ठेवते. तुझी मोरी दोन बोटं खाली हाय, तुला जड पायजे." दोन बोटं. तू मोजलं होतंस. माझ्या घरात राहून मला ठाऊक नव्हतं. त्यानंतर तू कायम मिक्सरची चटणी खाल्लीस आणि दर वेळी नाक मुरडलंस.

पाइपाला दार बसवायची अक्कल आपल्याला जनाबाईने दिली. जुन्या गावातली, आपल्या गेटवर बोंबील घेऊन बसते ती. तू तिला पाण्याचं रडगाणं सांगत होतीस, तर ती सुरी थांबवून म्हणाली, "तुमची बिल्डिंग आमचे खारीवं, भातशेतावं बसलीय गो. आमचे बांधाला उघारी होती. भरती आली का पानी तिला लावून घेई, ओहटीला पानीच तिला उघरी. तुमी ती काहारून फेकली नि आता पान्याला शिव्या देता?" तू त्याच संध्याकाळी पूजाच्या जुन्या वहीत तसल्याच दाराचं चित्र काढलंस. नाल्याच्या तोंडाशी, पाइपाला, वरून बिजागरीवर लटकणारं जाड झाकण. आतलं पाणी बाहेर जाताना ढकलतं, ते उघडतं. बाहेरचं आत यायला बघतं, तेच पाणी त्याला दाबून बंद करतं. वीज नको, डिझेल नको, पंप नको. आणि जोडीला मीटररूम तेवढी छातीच्या उंचीवर चढवायची. दोनच मागण्या. चौथीच्या पोराला कळेल असं चित्र होतं.

ते चित्र घेऊन आपण वार्षिक सभेला गेलो. मोहितेने वही हातात घेतली, उलटी धरली, सुलटी धरली, आणि म्हणाला, "कुंदाताई, छान आहे. पण व्हिजन मोठं पाहिजे." मग त्याने त्याचं व्हिजन दाखवलं. गच्चीवर सोलर. लिफ्ट उन्हावर, जिन्यातले दिवे उन्हावर, पार्किंगमध्ये इलेक्ट्रिक गाड्यांना चार्जिंग. डिझेलचा जनरेटर बंद. दोन्ही गोष्टी एका वर्षी जमणार नाहीत, आधी सोलर की आधी झाकण, हात वर करा.

मी तुझ्याकडे बघत होते. आपण तळमजल्याचे असलो तरी अर्धे लोक तुझ्या तोंडाकडे बघून हात वर करतात, हे त्यालाही ठाऊक होतं. आणि तू सोलरला हात वर केलास.

दोन दिवस मी तुझ्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तू चहा आणि खारी घेऊन आलीस आणि समजवायला बसलीस. "वर सगळ्यांचं भलं झालं की त्येंचं मन मोठं हुईल. मग आपलं करतील. आन् चुकीचं काय हाय त्यात? त्यो जनरेटर किती धूर ओकतो. समदीकडं आसाच धूर, म्हनून तर खाडी चढाया लागली. उन्हावर वीज झाली तर पोरांच्या वक्ताला पानी कमी चढंल."

मी म्हटलं, "पोरांच्या वेळेला कमी चढेल गं. आज माझ्या मोरीतून चढतंय त्याचं काय? ज्यांच्या घरात पाणी येत नाही त्यांना आधी, आणि ज्यांच्या येतं त्यांना नंतर, हा कुठला हिशेब?"

"तू लई कडू बोलतीस," तू म्हणालीस. "मानसं तशी नस्त्यात."

हे भांडण आपलं कधी मिटलं नाही. सोलर नको असं मी कधीच म्हटलं नव्हतं. मलाही कळतं, ऊन फुकट जातंय. माझं म्हणणं एवढंच होतं, की वरच्यांची मनं मोठी व्हायची वाट बघत तळाला बसायचं नाही. माणसं तशीच असतात, कुंदा. मी तुझ्यासमोर हरले असते तर मला आनंद झाला असता.

सोलर बसलं. फीत कापली, तुझ्याच हातून कापून घेतली, हुशार आहे मेला. कुठल्याशा हरित सोसायटीच्या स्पर्धेत ढाल मिळाली. ती ढाल लॉबीत लावली आहे, काचेच्या पेटीत, माझ्या डोक्याच्याही वर. मीटररूम जमिनीला टेकलेली, आणि ढालीला मात्र बरोबर पाण्याच्या वरची उंची सापडली. त्यानंतर किती सभा झाल्या, प्रत्येक सभेत तू वही घेऊन उठायचीस आणि तो म्हणायचा, "घेऊ ना ताई, पुढच्या वेळी घेऊ." रोज गच्चीवर ऊन गोळा होत होतं, खाली गाड्या चार्ज होत होत्या, आणि आपण मोरीवर दगड ठेवून बसलो होतो.

आता त्या दिवसाचं लिहिते. 

भर दुपार होती. पौर्णिमेचं उधाण, सकाळपासून धो धो पाऊस. गेटपाशी नाल्याच्या जाळीत कचरा अडकला आणि आवारात गुडघ्याएवढं पाणी चढलं. आता मीटररूममधल्या मीटरला लागणार, हे दिसत होतं. तू साडी खोचलीस, झाडूचा दांडा घेतलास आणि माझ्या दारात आलीस. "शैला, चल, जाळी मोकळी करू. एकटीला जमायचं न्हाय."

मी काय म्हणाले? म्हणाले, "मरू दे ती जाळी. मीटर जळू देत. दोन दिवस लिफ्ट बंद पडली की वरच्यांना आपोआप अक्कल येईल. तू अजिबात जाऊ नकोस."

तू म्हणालीस, "दुसऱ्या मजल्यावर म्हातारा ऑक्सिजनच्या मशिनीवर हाय."

मी दार लावून घेतलं. तुझ्या तोंडावर. तू क्षणभर मान वाकडी करून माझ्याकडे बघितलंस, तेवढं दाराच्या फटीतून दिसलं. मग तू एकटी गेलीस.

खिडकीतून मी सगळं बघितलं. तू नाल्याच्या तोंडाशी उतरून कमरेएवढ्या पाण्यात वाकून हाताने प्लास्टिक ओढत होतीस. आणि मोहिते तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत कोरडा उभा राहून सांगत होता, "डावीकडे, कुंदाताई. अजून डावीकडे. हां, तिथेच." एका हातात मोबाइल. व्हिडिओ काढत होता. तू पाण्यातून बाहेर यायच्या आत तो ग्रुपवर आलासुद्धा, 'आमच्या सोसायटीची वाघीण'. खाली अंगठ्यांची रांग. पाणी उतरलं, मीटर वाचले, लिफ्ट एक मिनिटही बंद पडली नाही. तुझी टाच काचेने फाटली होती.

मी रागातच होते तरी खिडकीतून ओरडले, दवाखान्यात जाऊन ती पाण्यातून आल्यावर देतात ती गोळी घे. तू म्हणालीस, उद्या जाते. आणि मी म्हटलं, जा नाहीतर नको जाऊ. हे माझे तुझ्याशी शेवटचे धड शब्द. चार दिवसांनी ताप, मग डोळे पिवळे, मग लघवी बंद. लेप्टो म्हणाले डॉक्टर, घाण पाण्यातून जखमेवाटे शिरतो तो. आयसीयूच्या काचेपलीकडून मी हात केला तर तू ओळखलंस की नाही, तेही मला माहीत नाही. तुझ्या मागोमाग आले असते तर जाळी दोघींत अर्ध्या वेळात मोकळी झाली असती. मोहितेवर माझा राग आहेच, पण सगळा त्याच्यावर टाकून मी मोकळी होत नाही. माझ्या वाट्याचा मी वेगळा ठेवला आहे.

तो मात्र मोकळा झाला होता. तू गेलीस त्या संध्याकाळी ग्रुपवर मेसेज, 'हरित सोसायटीच्या शिल्पकार हरपल्या'. म्हणे गच्चीवरच्या सोलरला तुझं नाव देणार. मी ते वाचलं आणि ठरवलं, हा माणूस असा सुटणार नाही.

दहाव्याला नेरूळच्या तळ्याकाठी घाटावर गेलो. अर्धी सोसायटी आली होती, तुझी माणसं गावाहून आली होती. भाऊजींना खाली बसवत नव्हतं, तरी ते दोन तास बसले. केळीच्या पानावर पिंड, दहीभात, शेंगदाण्याची चटणी, आणि पूजाने तुझ्यासाठी चहाचा पेला नि चार खारी ठेवल्या. सगळे मागे सरकून झाडाखाली उभे राहिले. मला उन्हाचा त्रास होतो, म्हणून मी छत्री घेऊन घाटाच्या भिंतीपाशी टेकले, पानापासून जवळच.

कावळा शिवेना. ही गर्दी असते एरवी कावळ्यांची तिथे, सगळे पिंपळावर बसून काव काव करतायत, पण पानाला तोंड लावेनात. भाऊजींनी हात जोडले, "पोरीला अंतर देनार न्हाय." नाही शिवला. पूजा रडत म्हणाली, "आई, मी बाबांना एकटं ठेवणार नाही." नाही. तुझ्या भावाने गावच्या कसल्याशा गोष्टीचा शब्द दिला. तरी नाही. तास होत आला. गुरुजी म्हणाले, दर्भाचा कावळा करून लावू या. भाऊजी कधी नाही ते मोठ्याने बोलले, "न्हाय. खराच पायजे."

तेव्हा मी बोलले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "तिचं काय राहिलं होतं ते आपल्याला सगळ्यांना माहीत आहे. वही घेऊन किती वर्षं उठत होती ती?"

 सगळ्यांनी मोहितेकडे बघितलं. त्याच्या बायकोने त्याला कोपर मारलं, ती देवभोळी आहे. तो पुढे आला, कपाळाचा घाम पुसला, हात जोडले. "कुंदाताई, ते पाइपाचं दार... बसवून घेऊ."

मी म्हटलं, "साहेब, तारीख सांगा. 'घेऊ' ऐकून ऐकून तिचं आयुष्य गेलं."

"दिवाळीच्या आत."

"त्याच्या आधी किती उधाणं आहेत माहीत आहे का तुम्हाला?"

त्याने बायकोकडे बघितलं. मग म्हणाला, "महिन्याभरात. शब्द देतो."

"आणि मीटररूम?"

"मीटररूमपण. त्याच वेळी."

"कुंदा," मी म्हटलं, "ऐकलंस?" आणि छत्री मिटली. कावळा पिंपळावरून उतरला, आधी खारी उचलली, मग भाताला शिवला. बायका हुंदके देऊन रडल्या. मोहितेचे डोळे पाण्याने भरले होते. माझ्याजवळ येऊन म्हणाला, "ताईंचा जीव त्यातच अडकला होता हो." मी मान डोलावली. घरी पोचायच्या आत मी ते सगळं ग्रुपवर टाकलं, शब्दन् शब्द, साहेबांचे मनापासून आभार मानून. ती रीत त्यांच्याकडूनच शिकले. काल माणूस येऊन पाइपाचं माप घेऊन गेला. मी त्याला तुझी वही दाखवली. म्हणाला, बाई, हे तर तयारच आहे की.

आता तुला खरं सांगते, कारण हे दुसऱ्या कोणालाच सांगता येणार नाही.

तू केव्हाच आली होतीस. सगळे धड मागे सरकलेही नव्हते, प्रत्येक जण आपल्या चपला शोधत होता, तेवढ्यात एक कावळा भिंतीवर उतरला, माझ्यापासून हातभर लांब, आणि सरळ पानाकडे निघाला. इतक्या लगेच. मला रडूच आलं. म्हणजे तुझं काही राहिलंच नव्हतं. ना मोरीचं, ना मीटरचं, ना आपल्या भांडणाचं. मोहितेला तू माफ करून बसली होतीस, आणि मी तोंडावर दार लावलं तेही. आणि मला इतका संताप आला तुझा, की मी छत्री फाडकन उघडली. कावळा उडाला. लोकांना वाटलं, म्हातारीला ऊन लागतंय. त्यानंतर तू चार वेळा आलीस आणि चारही वेळा मी छत्री हलवून तुला हाकललं. शेवटच्या वेळी तू भिंतीवर बसून मान वाकडी करून माझ्याकडे बघितलंस. मी नजर चोरली नाही.

तासभर तुला उपाशी ठेवलं, समोर खारी असताना. भाऊजींना गुडघ्यांवर बसवून ठेवलं, पोरीला रडवलं. त्याचं जे काही पाप असेल ते माझ्या माथी घ्यायला मी तयार आहे. तू असतीस तर म्हणाली असतीस, माझ्या घासावरनं भांडलीस व्हय गं. हो, भांडले. तुझी काही इच्छा राहिली नव्हती, कुंदा. माझी राहिली होती. ती तुझ्या नावावर खपवली.